लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, १८६९ – २६ सप्टेंबर, १९५६) हे भारतीय उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. बेळगावातील सायकलींच्या एका छोट्या दुकानापासून त्यांच्या व्यवसायाची सुरुवात झाली. पुढे कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, पंप आणि तेलावर चालणारी इंजिने यांच्या निर्मितीमुळे त्यांचे नाव महाराष्ट्र व कर्नाटकातील शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचले. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी १९१० मध्ये वसवली. भारतातील आरंभीच्या नियोजित कारखानदारी वसाहतींमध्ये तिची गणना होते.

जन्म व बालपण

लक्ष्मणरावांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूर या गावी झाला. किर्लोस्कर हे आडनाव मालवणजवळच्या किर्लोस या गावावरून आले असून या घराण्याच्या शाखा पुढे घाटावर स्थायिक झाल्या. मराठी संगीत रंगभूमीचे जनक मानले जाणारे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचाही जन्म याच गावचा. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने परंपरेनुसार विद्याभ्यास करावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

शालेय शिक्षणात मात्र लक्ष्मणरावांचे मन रमले नाही. त्यांना दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्रकलेची आणि दुसरी यंत्रांची. शिक्षित ब्राह्मण कुटुंबातील मुलाने सरकारी नोकरी किंवा वकिली करावी, हाताने करावयाची कामे कारागिरांकडे सोडावीत, असा त्या काळचा संकेत होता. त्यामुळे त्यांच्या या आवडीला घरातून सहज संमती मिळणे कठीण होते. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी त्यांची बाजू घेतली, आणि त्यांच्याच आधारावर १८८५ मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला.

मुंबईतील शिक्षण व अध्यापन

कलाशाळेत सुमारे दोन वर्षे गेल्यावर लक्ष्मणरावांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. रंगचित्रकार होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. घरच्यांचा विरोध पत्करून निवडलेले क्षेत्र सोडावे लागणे हा त्यांना मोठा धक्का होता. तथापि गावी परत न जाता त्यांनी, ज्यात रंगांचा संबंध येत नाही अशा यांत्रिक रेखाचित्रणाचा अभ्यास चालू ठेवला.

या ज्ञानाच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाचित्रणाचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. तेथील कर्मशाळा त्यांच्यासाठी दुसरी शाळा ठरली. वर्गातील काम संपल्यावर ते यंत्रांपाशी जात, ती उघडून पाहत, हाताळत आणि दुरुस्त करत. कागदावरची रेघ आणि लोखंडाचा प्रत्यक्ष भाग यांचा संबंध त्यांनी येथे स्वतःच्या हाताने शिकून घेतला. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

या संस्थेत बढतीची संधी आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. वसाहतकाळातील तांत्रिक संस्थांमध्ये वरच्या जागांवर एतद्देशीयांची नेमणूक क्वचितच होत असे. या प्रसंगानंतर नोकरीत राहण्यात अर्थ नाही, असे ठरवून त्यांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावला परतले.

सायकलींचा व्यवसाय

मुंबईत असतानाच लक्ष्मणरावांनी एका माणसाला सायकलीवरून जाताना पाहिले. त्यापूर्वी त्यांनी असे वाहन पाहिलेले नव्हते. या वाहनाला बेळगावातही ग्राहक मिळतील, असे त्यांना वाटले आणि रामूअण्णांच्या सहकार्याने व्यवसाय सुरू झाला. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा आरंभ १८८८ पासून मानला जातो. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत. रामूअण्णा त्या विकत, दुरुस्त करत आणि घेणाऱ्याला चालवण्यास शिकवतही असत.

तेव्हा सायकल ही चैनीची वस्तू होती. एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये इतकी असे, आणि चालवण्यास शिकवण्याचे १५ रुपये वेगळे आकारले जात. शिक्षकाचा मासिक पगार साधारणतः दोन आकडी असण्याच्या त्या काळात असे ग्राहक मोजकेच असणार, हे उघड आहे. तरीही दुकानाचा जम बसला. दुकान ज्या रस्त्यावर होते, तो बेळगावात पुढे किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जाऊ लागला.

मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग कल्याण सोडल्यावर आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसरातून कर्जतकडे जातो आणि तेथून बोरघाट चढतो. या घाटातील चढ काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. गाडी वर नेण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. चढावर वाढणारा भार आणि मर्यादित शक्ती यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आगगाडीला जसा होता तसाच सायकलीलाही होता.

सायकल आणि घाटप्रदेश

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असून त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचे घाट आहेत. अशा मुलखात त्या काळच्या सायकली चालवणे कष्टाचे होते. जॉन केम्प स्टार्ली यांची, दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आली. जॉन बॉइड डनलॉप यांचा हवा भरलेला टायर १८८८ चा. म्हणजे किर्लोस्कर बंधूंचे दुकान सुरू झाले तेव्हा आधुनिक सायकलीचा जन्म होऊन फार तर तीन वर्षे झाली होती.

या सायकली सर्वसाधारणपणे एकवेगी असत. अशा सायकलीत पुढच्या व मागच्या दंतचक्रांच्या दात्यांचे प्रमाण एकदाच ठरते. पुढे ४८ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे २.६७ वेळा फिरते. २८ इंची चाक असल्यास सायकल एका फेरीत जवळपास ६ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे प्रमाण सोयीचे असते. चढावर मात्र पाय जड होतात. मागे २२ दात्यांचे चक्र बसवले, तर एका फेरीत अंतर सुमारे ४.९ मीटर इतकेच कापले जाते आणि चढ सोपा होतो. परंतु सपाटीवर पाय भराभर फिरवूनही वेग मिळत नाही. एकवेगी सायकल घेणाऱ्याला चढ आणि सपाटी यांपैकी एकाची सोय पाहावी लागे किंवा मधला मार्ग स्वीकारावा लागे. शिवाय मुक्तचक्राचा, म्हणजे फ्रीव्हीलचा, प्रसार होण्यापूर्वी उतारावरही पायडले चाकाबरोबर फिरतच राहत.

या अडचणीवर टिकाऊ उपाय चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, सापडला. इंग्लंडमध्ये स्टर्मी-आर्चर या नावाने प्रसिद्ध झालेले तीन वेगांचे हब १९०२–०३ मध्ये तयार झाले. त्यात आसावर एक दंतचक्र पक्के बसवलेले असते, त्याभोवती छोटी दंतचक्रे फिरतात आणि त्या सर्वांना आतून दाते असलेले एक कडे वेढून असते. साखळीची गती कड्याला देऊन ती छोट्या चक्रांच्या चौकटीतून चाकाला दिली, की चाक सावकाश पण जोराने फिरते. हा चढाचा वेग होय. हाच क्रम उलटा केला, की चाक अधिक वेगाने फिरते. मधल्या वेगात साखळीची गती जशीच्या तशी चाकाला मिळते. सर्व भाग तुंब्याच्या आत वंगणात राहत असल्याने त्यांना धूळ आणि चिखल यांचा त्रास कमी होतो. मात्र यंत्रणा महाग, वजनदार आणि गावच्या कारागिराला सहज न उघडता येणारी असते. घाटमुलखात सायकल निवडताना चढाची सोय आणि दुरुस्तीची सोय यांतून करावी लागणारी ही निवड आजही तशीच आहे.

ही हबे बाजारात येईपर्यंत किर्लोस्कर बंधूंचे लक्ष सायकलींकडून शेतीच्या अवजारांकडे वळले होते. सायकलीच्या धंद्यात परदेशी माल आणून विकणे आणि दुरुस्त करणे एवढाच वाव होता. मुंबई-पुण्यातील मोठ्या व्यापाऱ्यांनीही सायकली विकण्यास सुरुवात केल्यावर छोट्या दुकानदाराला त्यात टिकून राहणे अवघड होते. लक्ष्मणरावांना विक्रेता म्हणून राहावयाचे नव्हते. स्वतः वस्तू घडवावयाची होती.

शेतीची अवजारे

लक्ष्मणराव अमेरिकी व इंग्रजी यंत्रविषयक नियतकालिके आणि मालाच्या सूचिपत्रिका बारकाईने वाचत असत. पाश्चात्त्य देशांत शेतीची कामे यंत्रांच्या साह्याने होत असताना दख्खनचा शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच लाकडी अवजारांनी राबत होता. या निरीक्षणातून त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अखंड कडबा जनावरांपुढे टाकला, की त्यातील बराच भाग वाया जातो. तो बारीक कापून घातल्यास वैरण पुरते. हा लाभ शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसणारा असल्याने हे यंत्र विकले गेले.

लोखंडी नांगराची गोष्ट वेगळी होती. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, तर लोखंडी नांगर ती खोल फाडून उलथी करतो. काळ्या जमिनीत खोलवर मुळे धरणारी हरळी व कुंदा काढण्यास तो विशेष उपयुक्त होता. परंतु लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तयार नांगर दुकानात पडून राहिले आणि पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. घेतलेले कर्ज आणि कामगारांचे पगार चालू असताना ही दोन वर्षे काढणे हा लक्ष्मणरावांच्या चिकाटीचा कस होता. पुढे ज्यांनी नांगर वापरून पाहिला त्यांच्या शेतातील फरक शेजाऱ्यांनी पाहिला आणि मागणी वाढू लागली.

बेळगाव सोडण्याची वेळ

व्यवसायाने मूळ धरले असतानाच कारखान्याच्या जागेचा प्रश्न उभा राहिला. बेळगाव नगरपालिकेने घातलेल्या निर्बंधांमुळे त्यांना कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. यंत्रे, भट्टी, तयार माल आणि कामगारांची कुटुंबे घेऊन जावयाचे कोठे, याचे उत्तर तेव्हा त्यांच्यापाशी नव्हते. वयाच्या चाळिशीत, वीस वर्षांच्या कष्टानंतर, त्यांना पुन्हा आरंभापाशी यावे लागले.

या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस आले. स्वतः चित्रकार असलेले, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध असलेले हे संस्थानिक १९०९ मध्येच गादीवर आले होते. त्यांनी लक्ष्मणरावांना कारखान्यासाठी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. त्याचा एक तुकडा कुंडल गावाभोवती होता आणि तेथून पुणे–मिरज लोहमार्ग जात होता. या मार्गावरील कुंडल रोड या आडवळणाच्या स्थानकाजवळची ३२ एकर जमीन कारखान्यासाठी ठरली.

किर्लोस्करवाडी

१९१० मध्ये लक्ष्मणराव सहकाऱ्यांसह या जागी आले, तेव्हा ती निवडुंगाने भरलेली, पाण्याची टंचाई असलेली आणि नागसापांचा वावर असलेली ओसाड माळजमीन होती. प्रथम निवडुंग तोडून जागा मोकळी करण्यात आली, तात्पुरते निवारे उभारण्यात आले आणि कारखान्याचे काम सुरू झाले. सुरुवातीच्या या कुटुंबांनी सोसलेल्या हालअपेष्टांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही हे माळरानावरचे जीवन पत्करले.

पाश्चात्त्य देशांत काही कारखानदारांनी कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. कारखान्याशेजारी नीटनेटकी घरे, शाळा, बागा आणि मोकळी हवा असावी, अशी त्यांची कल्पना होती व ती त्यांनी येथे टप्प्याटप्प्याने उतरवली. ओसाड माळावर झाडे लावली गेली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी बंदी केली. खेड्यातील पाणवठेही जातींनुसार वेगळे असण्याच्या त्या काळात हा निर्णय सोपा नव्हता.

माणसे निवडण्याची त्यांची दृष्टीही वेगळी होती. प्रमाणपत्रांपेक्षा हातातील कसब आणि शिकण्याची तयारी ते पाहत. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे आणि के. के. कुलकर्णी हे त्यांचे आरंभीचे सहकारी. यांपैकी फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली होती, तरीही ते कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर घेतले. इतकेच नव्हे, तर त्यांतील दोघांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवली. ती त्यांनी विश्वासाने पार पाडली.

पहिले महायुद्ध आणि विस्तार

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशातून येणाऱ्या लोखंडाचा, कोळशाचा आणि रंगांचा पुरवठा आटला. दुसरीकडे परदेशी नांगर येईनासे झाल्याने देशी नांगरांना मागणी वाढली. ग्राहक आहेत पण कच्चा माल नाही, अशी ही कोंडी होती. भट्टीसाठी लाकडी कोळसा वापरून आणि मिळेल तेथून मोडीचे लोखंड जमवून कारखाना चालू ठेवण्यात आला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी तोफा वितळवण्यासाठी दिल्या. एकेकाळी युद्धासाठी ओतलेले ते लोखंड नांगरांच्या कामी आले.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील प्रमुख मासिकांपैकी एक झाले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिकेही याच संस्थेची होत.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (१९०३–१९९४) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले. अनुभवातून शिकलेली पहिली पिढी आणि शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेली दुसरी पिढी यांच्या मेळातून कारखान्याचा विस्तार झाला. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने तयार होऊ लागली. बैलांच्या मोटेऐवजी पंपाने पाणी उपसणे शक्य झाल्याने विहीर बागायतीला नवे बळ मिळाले. १९४१ मध्ये हरिहर येथे यांत्रिक हत्यारांचा, तर १९४६ मध्ये पुणे येथे इंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या यंत्रसामग्रीचा उद्योग सुरू झाला.

उत्तरायुष्य

वार्धक्यात लक्ष्मणरावांनी कारभार पुढील पिढीकडे सोपवला. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांवर हल्ले झाले. त्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली आणि मोठे नुकसान झाले. जातिभेद दूर ठेवण्याचा प्रयत्न जेथे जवळजवळ चार दशके झाला होता, त्याच वसाहतीला जातीय रोषाची झळ लागली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारण्यात आला आणि उत्पादन चालू राहिले. २६ सप्टेंबर, १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कार्याचे मूल्यमापन

लक्ष्मणरावांच्या नावावर एखादा मूलभूत शोध नाही. परदेशी यंत्र पाहून, ते येथील जमीन, बैल, पाणी आणि शेतकऱ्याची ऐपत यांना जुळेल असे घडवणे हे त्यांचे वैशिष्ट्य होते. औपचारिक पदवी नसलेल्या माणसाने, खेड्यातील कारागिरांना हाताशी धरून, रेल्वेच्या एका लहान स्थानकाजवळ अभियांत्रिकी उद्योग उभा केला, ही गोष्ट पुढील मराठी उद्योजकांना आधार देणारी ठरली. त्यांच्या वसाहतीची घडी बऱ्याच अंशी मालकाच्या सदिच्छेवर अवलंबून होती, ही तिची मर्यादा होय. तरीही कामगाराच्या घराचा, आरोग्याचा आणि प्रतिष्ठेचा विचार कारखान्याच्या हिशेबात धरला पाहिजे, हे त्यांनी कृतीतून मांडले.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून, १९६९ रोजी टपाल तिकीट प्रसिद्ध केले. कुंडल रोड स्थानक आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते. बेळगावातील किर्लोस्कर रोड हा रस्ता किर्लोस्कर बंधूंच्या सायकलींच्या दुकानाची आठवण जपून आहे.